लोणच्याला बरणी कशाची: चिनी माती, काच की प्लास्टिक?

ताई, सासूबाईंच्या तीन बरण्या आता उचलवत नाहीत, त्या काढून टाकून प्लास्टिकचे डबे घ्यावेत की काचेच्या बरण्या, असं तुम्ही विचारलंय. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात तिन्ही प्रकार वर्षानुवर्षं वापरून झालेत, आणि माझी सगळी नोकरी काचेच्या भट्टीपाशी झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

बरणीतलं लोणचं चिनी मातीला लागतच नाही. ते लागतं झिलईला, आणि झिलई म्हणजे काचच. बाराशे अंशांच्या आसपास वितळून मातीवर बसलेली. त्यामुळे मीठ, आंबट, तेल यांच्या बाबतीत धड बरणी आणि काच सारख्याच. फरक उजेडाचा. बरणीत तो शिरत नाही, म्हणून हळद-तिखटाचा रंग टिकतो आणि तेल लवकर खवट होत नाही. काचेत मात्र खार किती सुटला, फोडी तेलात बुडल्यात का, कडेला बुरशी धरलीय का, हे दादरा (तोंडाला बांधलेलं फडकं) न सोडता दिसतं. काचेची बरणी घ्याल तर अंधाऱ्या फडताळात ठेवा, झालं.

(आपल्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या म्हणजे पोर्सेलिन नव्हे, बरं का. पोर्सेलिन पांढऱ्या केओलिन मातीचं. पातळ कप उजेडासमोर धरला की पलीकडच्या बोटाची सावली दिसते. बरणी जाड, दगडी जातीची.)

काच फुटते ती बहुतेकदा पडून, पण नेहमी नाही. एका मे महिन्यात अगाशीत छुंदा (किसलेल्या कैरीचं गोड लोणचं) उन्हात ठेवला होता. दुपारी बरणी आणून तशीच ओल्या ओट्यावर टेकवली. ‘टक्’ असा बारीकसा आवाज आला आणि बूड गोल चकतीसारखं सुटलं. भट्टीवर जन्म काढलेल्या माणसाच्या हातून! काच उष्णता सावकाश नेते. बाहेरचा थर गार होऊन आकसायला बघतो, आतला तापलेलाच, आणि त्या ओढाताणीत चीर जाते. जाड काच म्हणूनच जास्त दगा देते. बोरोसिलिकेट नावाची काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक-तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती ओव्हनात चालते.

प्लास्टिकला मी सरसकट नावं ठेवणार नाही. आयपीसीएल हा पेट्रोकेमिकलचा कारखाना आणि कोयलीची रिफायनरी यांवर बडोद्यातली किती घरं उभी राहिली! डाळ-तांदूळ, पोहे, मुलांचा डबा यांना प्लास्टिकच बरं. हलकं, आपटलं तरी काही होत नाही. पण ‘प्लास्टिक’ हा एक पदार्थ नव्हे. पाण्याच्या बाटलीचं पीईटी सत्तर-ऐंशी अंशांनाच मऊ पडतं. आमच्या सूनबाईंनी बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत गरम मोरांबा ओतला, तर बरणीची कंबर डोळ्यांदेखत आत गेली आणि झाकणाचे आटे बसेनात. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेलं पॉलिप्रॉपिलीन जास्त सोसतं, पण तेही १६०च्या आसपास वितळतं. मोहरी तडतडणारी फोडणी त्याहून तापलेली असते.

शिवाय तेल. हळदीचा रंग तेलात विरघळतो, आणि तेलाचं या प्लास्टिकशी चांगलंच जमतं, म्हणून डबा पिवळा होतो तो घासून निघत नाही. (दोन दिवस उन्हात ठेवा, फिका पडेल.) काथ्याने घासाल तर ओरखड्यांत तेल बसतं आणि लोणच्याचा वास कायमचा राहतो. वर्षभराचं लोणचं म्हणूनच प्लास्टिकात नको.

आता तुमच्या तीन बरण्या. कोरड्या करून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर धड. बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. मग आत बॅटरी मारून झिलईवर केसासारख्या रेघांचं जाळं दिसतंय का पाहा. तिथे खार मुरतो आणि बाहेर मिठाची पांढरी पापडी येते. अशी बरणी आणि आतून टवका उडालेली बरणी लोणच्यातून बाद. आतून रंगीत नक्षी असलेल्या जुन्या भांड्यातही आंबट नको, त्या रंगांत शिसं असू शकतं.

धड निघेल ती खालच्या फळीवर कायमची बसवा, उचलूच नका. पंधरा दिवसांचं लोणचं कोरड्या पळीने छोट्या काचेच्या बरणीत काढत जा. तिचं झाकण पत्र्याचं असेल तर तेवढं बदला. खारटपणाने गंजून आत पोपडे पडतात.