वनस्पतिविविधता शिकायला परदेशी जाण्यापूर्वी

वनस्पतिविविधता, उत्क्रांती आणि परिस्थितिकी या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी परदेशी जावे का आणि जाण्याआधी कोणती तयारी करावी, असे तुम्ही विचारले आहे. प्रवेशाच्या अटी, शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांची माहिती विद्यापीठे देतातच, म्हणून तो भाग मी सोडते. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला बारा वर्षांपूर्वी घरच्या कपाटात ठेवून आलेले वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचे गठ्ठे आठवले आणि लिहिल्यावाचून राहवले नाही.

वर्गीकरण पुन्हा शिकावे लागेल. बेंथम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात मांडलेली, अनावृतबीज वनस्पतींना द्विदल आणि एकदल यांच्या मध्ये बसवणारी पद्धती मी शिकले होते. नव्या वर्गात मात्र सर्व चर्चा डीएनएच्या पुराव्यावर उभ्या असलेल्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या संशोधकगटाच्या) वर्गीकरणावर चाले. त्याच्या २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत सपुष्प वनस्पतींची ६४ गणांत आणि ४१६ कुलांत मांडणी आहे. द्विदल हा एकाच पूर्वजापासून आलेल्या सर्व वंशजांचा गट नव्हे, हे मान्य करायला मला एक सत्र लागले. फूल उघडून बीजांडांची मांडणी पाहण्याची सवय मात्र कुठेच वाया गेली नाही.

त्याहून अवघड गेला तो हिवाळा. पाने गळालेली झाडे केवळ कळ्यांवरून ओळखायची होती. ॲशच्या काळ्या, समोरासमोर येणाऱ्या कळ्या मला सहाध्यायाने दाखवल्या, तेव्हा डोळे भरून आले. ज्या विषयात मी स्वतःला जाणकार समजत होते, त्यातच मी निरक्षर झाले होते.

कागदपत्रांचा राग अजून गेलेला नाही. पदवीच्या काळात आम्ही रानात घालवलेले दिवस गुणपत्रिकेवर तासांत लिहिलेले नव्हते, म्हणून ते अभ्यासक्रमाच्या समकक्षतेत धरले गेले नाहीत आणि वनस्पतिविविधतेचा प्राथमिक पाठ्यक्रम मला पुन्हा पूर्ण करावा लागला. तुमच्या विभागप्रमुखांकडून प्रत्येक क्षेत्रभेटीचे दिवस, तास आणि केलेले काम यांचे सही-शिक्क्याचे पत्र आताच घ्या. नंतर ते मिळवण्यासाठी मी आठ महिने पत्रव्यवहार केला आणि हाती काहीच लागले नाही.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. तो असतो, आणि क्षेत्रकार्याचा हंगाम सुरू झाला की बराचसा ओसरतो.

आता त्या गठ्ठ्यांविषयी. त्यांत एक आमर (ऑर्किड) होते, ज्याची जाती मला ओळखता आली नव्हती. आमराचे संपूर्ण कुल धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असल्यामुळे वाळलेला नमुनाही परवान्याशिवाय सोबत नेता येत नाही. नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थांमध्ये बिगरव्यापारी देवघेव होत असेल, तर हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील, नमुन्यांना हा करार सवलत देतो. शिवाय नमुन्यातून डीएनए काढायचा असेल, तर जनुकीय संसाधनांचा वापर आणि त्यांच्या लाभाचे वाटप यांविषयीच्या, २०१४ मध्ये लागू झालेल्या नागोया प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारानुसार मूळ देशाची पूर्वसंमती लागू शकते. हे सर्व मला तिकडे पोहोचल्यावर समजले. मी तो नमुना जाण्याआधी एखाद्या संस्थेच्या हर्बेरियममध्ये जमा केला असता, तर तो रीतसर मागवता आला असता. पण घरचे कपाट ही नोंदणीकृत संस्था नव्हे. ‘आधी ओळख पटवीन, मग जमा करीन’ या हट्टाने मी तो अडवून ठेवला होता, आणि त्यामागे नव्या जातीवर आपले नाव लागावे ही इच्छा होती, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

चार वर्षांनी मी परतले, तेव्हा नमुन्यांना कीड लागून कागदांवर बहुतेक भुसाच उरला होता. माझे संशोधन आज त्या आमराच्याच प्रजातीच्या (जीनसच्या) उत्क्रांतीवर आहे, आणि माझ्या लेखनात त्या नमुन्याचा उल्लेखही करता येत नाही, कारण त्याला हर्बेरियमचा क्रमांकच नाही.

तुमच्याकडे असे नमुने असतील, तर ते ओळख न पटलेल्या स्थितीतच जमा करा आणि नोंदीत ठिकाण, उंची, तारीख, अधिवास आणि संग्राहक क्रमांक लिहा. ताज्या फुलाचा रंगही लिहा. वाळल्यावर तो टिकत नाही, आणि त्या आमराच्या पाकळ्या फिकट जांभळ्या होत्या की पांढऱ्या, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही.