मदत पाठवायची, पण कशी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पूर किंवा भूकंपाची बातमी आली की आमचा गट कपडे गोळा करतो. मागच्या वेळी दोन खोल्या भरल्या, पण नेणाऱ्या संस्थेने निम्मे कपडे परत केले. आमचं चुकलं कुठे?

उत्तर : तुमचा क्रम उलटा झाला. गोळा करण्याआधी मदत घेणाऱ्यांना पाच गोष्टी विचारायच्या : काय हवं, किती, कोणत्या मापाचं, कधीपर्यंत आणि माल उतरवून कोण घेणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. मग ट्रक पोहोचतो, पण तिथे हमालही नसतो आणि छप्परही नसतं.

आवाहनात नुसतं ‘कपडे द्या’ असं लिहू नका. ‘6 ते 10 वर्षांच्या मुलांचे धुतलेले स्वेटर, 200 नग, शुक्रवारपर्यंत’ असं लिहा. आकडा पुरा झाला की संकलन थांबल्याचं त्याच जागी लगेच कळवा, नाहीतर पुढे आठवडाभर गाठोडी येत राहतात.

निवड तुमच्याकडेच करा, कारण तिकडे माणसं कमी आणि कामं फार असतात. प्रत्येक कपडा उलगडून बघा. चेन लागते का, बटणं पुरी आहेत का, डाग किंवा वास आहे का? अंतर्वस्त्रं फक्त नवी घ्या. चपला-बुटांच्या जोड्या एकमेकींना बांधा. एक पाय हरवला की दुसराही फुकट जातो. कपडे उन्हात पूर्ण वाळवा. बंद खोक्यात एक दमट टॉवेल राहिला तरी काही दिवसांत आजूबाजूच्या कपड्यांना बुरशी धरते. परत आलेल्या मालात असे कपडे बरेच असणार, असा आमचा अंदाज आहे.

एका खोक्यात एकच प्रकार आणि एकच माप भरा. वजन 12 ते 15 किलोच्या आत ठेवा, म्हणजे एकट्या माणसाला खोकं उचलता येतं. अर्धवट भरलेलं खोकं थप्पीत खाली आलं की चेपतं आणि वरची थप्पी कोसळते, म्हणून रिकामी जागा कागदाने भरा. प्रकार, माप, नग आणि खोक्याचा नंबर तीन बाजूंना लिहा. फक्त झाकणावर लिहिलं तर थप्पी रचल्यावर ते दिसत नाही. नंबरवार यादीची एक प्रत चालकाकडे द्या आणि एक आधीच पुढे पाठवा. ‘मिश्र’ असं लिहिलेलं खोकं कुणीच आधी उघडत नाही.

प्रश्न : घरात उरलेल्या गोळ्या-औषधं पाठवावीत का? त्यांची मुदत संपलेली नाही.

उत्तर : नाही. अर्धी संपलेली पट्टी कुठे, कशी ठेवली होती हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि अनोळखी नावाची गोळी डॉक्टर रुग्णाला देणार नाही. 1988 मध्ये आर्मेनियातल्या भूकंपानंतर सुमारे 5,000 टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य आलं. त्यात नेमकं काय आहे हे समजून घ्यायला 50 माणसांना सहा महिने लागले. 8 टक्के माल पोहोचला तेव्हाच मुदतबाह्य होता आणि 4 टक्के थंडीने खराब झाला होता. नको असलेली औषधं सुरक्षितपणे नष्ट करण्याचा खर्चही संकटातल्या माणसांवरच पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानासाठी 1996 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. रुग्णांना दिलेली औषधं परत घेऊन दान करायची नाहीत आणि पोहोचताना निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, असं त्यात म्हटलं आहे.

प्रश्न : तान्ह्या बाळांसाठी दूध पावडर तर चालेल ना?

उत्तर : मागणी नसताना पाठवू नका. पावडर कालवायला स्वच्छ पाणी आणि बाटली उकळायला इंधन लागतं. छावणीत नेमकी याचीच टंचाई असते, म्हणून बाळांना जुलाब होतात. शिवाय बाळ अंगावर कमी प्यायलं की आईचं दूधही कमी होत जातं. भीतीने दूध आटतं हा समज खरा नाही. पान्हा फुटायला थोडा उशीर लागू शकतो, पण दूध तयार होत राहतं. काही बाळांना पावडर लागतेच. ती तिथले आरोग्य कर्मचारी बाळाची तपासणी करून देतात.

प्रश्न : पैसे पोहोचतात की नाही, ही शंका येते. म्हणून आम्ही वस्तूच देतो.

उत्तर : शंका रास्त आहे, पण वस्तूही वाटेत सडतात आणि हरवतात. जवळचा बाजार चालू असेल तर पैसे दिलेले केव्हाही बरे. वाहतूक वाचते, हवी तीच वस्तू मिळते आणि तिथल्या दुकानदाराचा धंदा उभा राहतो. फुकट मालाचा ढीग आला की त्याचं गिऱ्हाईक तुटतं. संस्थेकडे नोंदणी, लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि कारण लिहिलेली पावती मागा. उरलेल्या रकमेचं काय करणार, हेही विचारा. मात्र ‘व्यवस्थापन खर्च शून्य’ या दाव्याला भुलू नका. गोदाम, गाडी आणि हिशेब ठेवणारा माणूस यांना पैसे लागतातच.

प्रश्न : सुट्टी काढून स्वतः जावं म्हणतो.

उत्तर : बोलावणं असेल तरच जा. एखाद्या पथकात आधी नाव नोंदवा. आपलं अन्न, पाणी, अंथरूण-पांघरूण निदान तीन दिवस पुरेल इतकं न्या, म्हणजे तिथल्या साठ्यात तुमचा वाटा पडणार नाही. धनुर्वाताची लस घेतली आहे ना, हे पाहा. जाड तळव्याचे बूट आणि मजबूत हातमोजे हवेत. चिखलात खिळे आणि काचा लपलेल्या असतात, आणि पुराचं पाणी लागलेली साधी खरचटही चिघळते. कामावर जाताना आणि परत आल्यावर नोंदवहीत वेळ लिहा. संध्याकाळी कोण परतलं नाही, हे त्या वहीवरूनच कळतं.