सुनेचं माहेरचं आडनाव हाउलंड आहे. तिचे पूर्वज खरंच ‘मेफ्लॉवर’मधून, म्हणजे १६२० साली इंग्रज वसाहतवाल्यांना अमेरिकेत घेऊन आलेल्या जहाजातून, आले होते का, हे कसं शोधायचं?

आडनावावरून ते ठरत नाही, आणि हाउलंडांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की व्याही ओहायोचे, त्यांच्याकडे ‘आम्ही जॉन हाउलंडचे’ असं आजोबा-पणजोबांपासून सांगत आलेत, आणि नातवासाठी तुम्हाला कागदोपत्री वंशावळ हवी आहे. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. माझ्या सासूबाईंच्या बाजूने याच जॉन हाउलंडपर्यंत आम्ही पोचलो आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा जॉन १६२० साली जॉन कार्व्हरचा (वसाहतीचा पहिला गव्हर्नर) नोकर म्हणून जहाजावर चढला. भर वादळात तो समुद्रात पडला आणि शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता तो हाताला लागला म्हणून वाचला, असं कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने वसाहतीच्या इतिहासात लिहून ठेवलंय. जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. हा जगला, त्याच जहाजातून आलेल्या एलिझाबेथ टिलीशी त्याने लग्न केलं, आणि दहाच्या दहा मुलं मोठी होऊन संसाराला लागली. त्यामुळे त्याचा वंश अफाट पसरला आहे.

आता गोची इथे आहे. अमेरिकेत दर दुसऱ्या घरात ‘आमचे तीन भाऊ इंग्लंडहून आले’ ही कथा ऐकायला मिळते आणि बहुतेक वेळा ती थापच असते. हाउलंडांची मात्र खरी आहे! जॉनचे दोन भाऊ, हेन्री आणि आर्थर, नंतरच्या जहाजांनी प्लिमथला, म्हणजे ‘मेफ्लॉवर’वाल्यांनी वसवलेल्या वसाहतीत, आले. देवमाशांच्या धंद्यावर गब्बर झालेले न्यू बेडफर्डचे हाउलंड हेन्रीच्या वंशातले. म्हणजे तुमच्या व्याह्यांचं घराणं अस्सल प्लिमथचं असूनही ‘मेफ्लॉवर’चं नसेल, असं सहज होऊ शकतं. आणि उलटही होतं: जॉनच्या दहांपैकी सहा मुली. डिझायर गॉरमांकडे दिली, होप चिपमनांकडे. त्यामुळे जॉनच्या वंशजांपैकी बहुतेकांचं आडनाव हाउलंड नाहीच. आमच्या सासूबाईंचंही नव्हतं. तेव्हा विहीणबाईंचं माहेर, त्यांच्या आईचं माहेर, या शाखाही सोडू नका.

शोध जहाजापासून खाली घेऊ नका, नातवापासून वर न्या. ज्यांनी जात पडताळणीसाठी वंशावळ जमवली आहे त्यांना हे लगेच कळेल: समितीला घरातली गोष्ट नको असते, प्रत्येक पिढी मागच्या पिढीला जोडणारा कागद हवा असतो. इथेही तसंच. जन्म, लग्न, मृत्यू हे तिन्ही दाखले मिळाले तर उत्तम, पण निदान आईबापांची नावं असलेला एक तरी कागद दर पिढीला पाहिजे.

विसावं शतक सोपं आहे. ओहायोत राज्य पातळीवर जन्ममृत्यूची नोंद १९०८च्या डिसेंबरपासून आहे. त्याआधी १८६७पासून ती काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) प्रोबेट कोर्टात, मृत्युपत्रं-वारसा बघणाऱ्या कोर्टात, व्हायची. लग्नांची नोंद काउंटी स्थापन झाल्यापासून मिळते. जोडीला जनगणना. १८८०च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडील कुठे जन्मले हे लिहिलेलं असतं. व्याह्यांच्या पूर्वजाच्या नावापुढे तिथे ‘मॅसॅच्युसेट्स’ किंवा ‘कनेक्टिकट’ दिसलं, तर दिशा मिळाली समजा. १८९०ची शोधण्यात वेळ घालवू नका, १९२१च्या आगीने ती जवळजवळ सगळी गेली. हे सगळं फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट बघता येतं, फक्त खातं उघडावं लागतं.

खरी दमछाक १७८० ते १८५० या काळात होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर न्यू इंग्लंडमधली (मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडच्या राज्यांतली) माणसं जमिनीसाठी व्हरमाँट, न्यूयॉर्कचा वरचा भाग आणि ओहायोकडे निघाली. जिथे गेली तिथे दाखले लिहून घेणारं कोणी नव्हतं. आणि १८५०च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं वयोगटाप्रमाणे नुसत्या आकड्यांत. बायको-मुलांची नावंच नाहीत. बहुतेक वंशावळी इथेच अडकतात. सोळाशे वीस सालाची काळजी तुम्ही करूच नका, ते काम इतरांनी आधीच करून ठेवलंय.

या मधल्या खिंडारात आमच्या कामी आली ती पेन्शनची फाइल. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांना १८१८ आणि १८३२च्या कायद्यांनी पेन्शन मिळाली, १८३६च्या कायद्याने विधवांनाही. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे आणि दाखला तर नसे. मग शेजारी शपथेवर सांगत की आम्ही लग्नाला होतो, आणि कित्येक जणी घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पान फाडून अर्जाला जोडत. आम्हाला मिळालेल्या फाइलमध्ये असं पान आहे. एका कडेला शिवण उसवलेली, शाई तपकिरी पडलेली, नऊ मुलांची नावं आणि दोघांपुढे त्याच हाताने नंतर लिहिलेली मृत्यूची तारीख. खाली म्हातारीची सही म्हणून एक फुली. ओहायोतलं गाव आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या केप कॉडमधलं गाव, दोन्ही त्या एकाच अर्जात होती. कुठल्याही छापील पुस्तकात ही जोडणी नव्हती. व्याह्यांच्या कुळात १७६०च्या आगेमागे जन्मलेला पुरुष असेल तर सगळ्यात आधी त्याची फाइल शोधा.

एकदा मॅसॅच्युसेट्समधलं गाव कळलं की हायसं वाटतं. इथली गावं सुरुवातीपासून जन्म-लग्न-मृत्यू लिहीत आली, आणि अनेक गावांच्या १८५०पर्यंतच्या नोंदी छापूनही निघाल्या आहेत. तारखांकडे तेवढं लक्ष द्या. १७५२पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जॉन हाउलंडचा मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२/७३ असा जोडवर्षात लिहितात. सीनियर-ज्युनियरवरही भुलू नका. एका गावात एकाच नावाचे दोघे असले तर वयाने मोठा तो सीनियर. तो बाप असेलच असं नाही. बार्नस्टेबल काउंटीत (केप कॉड याच काउंटीत येतं) गेलात तर जमिनीच्या खरेदीखतांची आशा धरू नका. १८२७च्या आगीत बहुतेक जळाली. मृत्युपत्रं मात्र बरीच वाचली, आणि मुलींची सासरची नावं नेमकी त्यांतच सापडतात.

ऑनलाइन तयार झाडांबद्दल माझं मत वाईट आहे. पन्नास झाडांत एकच माहिती दिसते, कारण एकाचं पाहून एकोणपन्नासांनी उतरवलेलं असतं. आई नऊ वर्षांची आणि मुलगा जन्मलेला, असलेही नमुने सर्रास दिसतात. दगडावर कोरलेलंही खरं असतंच असं नाही. एलिझाबेथ ही कार्व्हरची मुलगी, असं हाउलंडांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मानत होते, जॉनच्या स्मारकशिळेवरही तसंच कोरलं होतं. पुढे ब्रॅडफर्डचं हरवलेलं हस्तलिखित १८५५ साली लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं, तेव्हा कळलं की ती जॉन टिलीची मुलगी.

डीएनए चाचणीचं विचारलंय. बारा-तेरा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा अंश साध्या चाचणीत उरलेला असेलच असं नाही. वाय गुणसूत्राची चाचणी बापाकडून मुलाकडे जाणारी रेषा दाखवते, म्हणजे ती सुनेची नाही, व्याह्यांची करावी लागेल. आणि तीही इथे निरुपयोगी, कारण जॉन, हेन्री, आर्थर सख्खे भाऊ, तिघांचं वाय एकच.

कागद जमले की ‘मेफ्लॉवर’च्या वंशजांची सोसायटी आहे, १८९७ची. तिने पहिल्या पाच पिढ्या तपासून छापल्या आहेत. चंदेरी वेष्टणामुळे सगळे त्यांना ‘सिल्व्हर बुक्स’ म्हणतात. हाउलंडसाठी त्यात वेगळे खंड आहेत. तुमची साखळी त्यातल्या अठराव्या शतकातल्या एखाद्या माणसापर्यंत नेऊन भिडवायची, पुढचं पुस्तकात आहेच. सोसायटीच्या सभासदत्वाचा अर्ज आधी सुनेच्या नावाने करा. तो मंजूर झाला की नातवासाठी फक्त एका पिढीचा कागद जोडावा लागेल, त्याचा जन्मदाखला.