कनूच्या तळाला बाहेरून केव्हलारचा थर द्यावा का?

मुळीच देऊ नये. तुमची सतरा फुटी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी, केव्हलारची (बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात त्या चिवट कृत्रिम तंतूच्या कापडाची) आहे. ती कॅनडातील ऑन्टारिओच्या खडकाळ तळ्यांत घासून दोन्ही टोकांना झिजली आहे आणि मजबुतीसाठी बाहेरून केव्हलारचाच आणखी एक थर देण्याचा तुमचा विचार आहे. आमच्या वल्हेकऱ्यांच्या गटातील एका गृहस्थांनी नेमके हेच केले होते. गटाची सामाईक कनू त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर स्वतःच्या गॅरेजमध्ये नेली आणि ‘ज्याने गोळी अडते त्याने दगड अडणार नाही का’ असे म्हणून माझा विरोध सर्वांसमोर हसण्यावारी नेला. ठिगळाच्या कडा घासून सपाट करायला ते बसले तेव्हा केव्हलार गुळगुळीत होईना. तंतू उभे चिरत गेले आणि कनूच्या टोकावर आठवडाभराची दाढी वाढल्यासारखा पिवळा लव उगवला. पुढे प्रत्येक किनाऱ्यावर तो वाढत गेला, पाणी शोषू लागला, आणि शेवटी ते ठिगळ हीट गनने मऊ करून पात्याने खरवडून काढण्याचे काम माझ्याकडेच आले.

कारण साधे आहे. केव्हलार ताणाला जबर आणि दाबाला कच्चा असतो. खडक बाहेरून आदळला की बाहेरची बाजू दबते आणि आतली ताणली जाते, म्हणून केव्हलारची जागा आतल्या बाजूला. बाहेरची घासणी काचतंतूच्या कापडाने सोसावी, कारण ते झिजले तरी भुकटी होऊन झिजते आणि पॉलिश पेपरने व्यवस्थित घासता येते. तयार मिळणाऱ्या केव्हलार फेल्टच्या (नमद्यासारख्या जाड कापडाच्या) पट्ट्याही मला पसंत नाहीत. त्या रेझिन (कापडात मुरून कडक होणारा चिकट द्रव) भरमसाट पितात आणि पाण्याखाली जाड पायरी करून ठेवतात.

दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे काचकापड घ्यावे, कोपरे गोल कापावेत, दुसरा थर पहिल्यापेक्षा थोडा मोठा ठेवावा आणि दोन्ही इपॉक्सी रेझिनमध्येच बसवावेत, कारण पॉलिएस्टर रेझिन केव्हलारला नीट धरत नाही. इपॉक्सीच्या शेवटच्या, वरच्या लेपात ग्रॅफाइटची पूड मिसळली की तळ खडकावरून सहज सरकतो. टोकांपुरते केले तर वजन शे-दोनशे ग्रॅमच वाढते. संपूर्ण तळाला एकच थर द्यायचा म्हटले तरी साडेतीन चौरस मीटरला सातशे ग्रॅम कापड आणि जवळपास तेवढेच रेझिन लागते, म्हणजे पोर्टेजच्या (एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू खांद्यावर वाहून न्यायच्या) वाटेवर दीड किलो जास्त ओझे येते. विशेक किलोची कनू मुद्दाम पैसे मोजून घेणाऱ्याने हे का करावे, ते मला समजत नाही.

ते गृहस्थ अजूनही ‘केव्हलारचा दर्जा चांगला नव्हता’ असे सांगतात. दर्जा उत्तम होता. केव्हलार चुकीच्या बाजूला लावला होता. शिवाय ते कनू वेगात वाळूवर चढवतात. गुडघाभर पाण्यात उतरण्याची तयारी असेल, तर निम्म्या डागडुजीची गरजच पडत नाही.

एक सांगायचे राहिले: अंगठ्याने दाबल्यावर तळ आत जात असेल किंवा करकरत असेल, तर आतील फोमचा गाभा सुटला आहे आणि वरील काहीही उपयोगी नाही, आधी गाभा दुरुस्त करावा. इपॉक्सी उन्हाने खराब होते, तेव्हा ग्रॅफाइट नसलेल्या भागावर अतिनील किरण रोखणारे व्हार्निश द्यावे, आणि घासताना मास्क लावावा.