पाटीवर नाव एकाचं, पायपीट दुसऱ्याची

प्रश्न : ताई, मी बीए सेकंड इयरला आहे, इतिहास घेतलाय, राहते सदरमध्ये. मिशनऱ्यांवर असाइनमेंट आहे आणि नोट्समध्ये नुसती गोऱ्यांचीच नावं, कॅरी, विल्सन, हिस्लॉप. आपल्यातले जे ख्रिस्ती झाले त्यांनी काही केलंच नाही का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : केलं गं, खूप केलं, आणि तुला हा प्रश्न पडला याचाच मला आनंद झाला.

सुरुवात बंगालपासून कर. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ ला आला, पण कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला पहिला बंगाली बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, झाला २८ डिसेंबर १८०० ला, म्हणजे सात वर्षं गेली मधे. तो माणूस कृष्ण पाल, सुतार होता, पडून हात निखळला तर मिशनच्या डॉक्टरने बसवून दिला, तिथून ओळख. पुढे वीसेक वर्षं तोच बंगालीत उपदेश करत फिरला, गाणी रचली. लोक सुताराचं ऐकायचे कारण तो त्यांच्यातलाच होता, साहेबाचं पुस्तकी बंगाली त्यांच्यापर्यंत किती पोचणार!

आपल्या नागपूरचाही यात वाटा आहे, फक्त तो कन्व्हर्टचा नाही. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा, त्यामागे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले नागपूरचे पंडित वैजनाथ होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणून असाइनमेंटमध्ये त्यांना वेगळं दाखव, गल्लत नको.

आता मराठी मुलखात ये. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ ला सुरू झालं. हरिपंत खिस्ती (खिस्ती हे आडनाव) जातीने ब्राह्मण, नगरला १८३९ मध्ये ख्रिस्ती झाले, पण ते आणि रामकृष्णपंत मोडक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, झाले १८५४ ला. म्हणजे मिशनला आपला पहिला मराठी पाळक करायला ४१ वर्षं लागली बघ! तोवर गावोगाव फिरणं, शाळा चालवणं, घरच्यांचा बहिष्कार सोसणं हे सगळं आपल्या लोकांनी केलं, पण निर्णय साहेबांच्या हातात. मला हे फार खुपतं, आणि मिशनऱ्यांचे रिपोर्ट वाचताना हे लक्षात ठेव, कारण त्यात हीच माणसं कितीदा नुसती "नेटिव्ह हेल्पर" म्हणून येतात, नाव पण नसतं.

सगळ्यात जास्त लिही रेव्हरंड टिळकांवर, नारायण वामन टिळक. ते इथे नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हातात दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. बायको लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या, त्या पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, तो मधला काळ त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलाय, तो वाच म्हणजे घरावर काय गुदरतं ते कळेल. टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, म्हणून त्यांनी चर्चमध्ये अभंग, भजन आणलं. त्याआधी कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलंच होतं. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेलं मराठी कुठे आणि टाळ-मृदंगावरचा अभंग कुठे, भाषा आपली झाली म्हणून धर्मही परका राहिला नाही असं मला मनापासून वाटतं. शेवटी १९१७ ला टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' नावाची मंडळी काढली, जिच्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती.

हिस्लॉपवरही लिही, का नाही, १८४५ ला नागपूरला आलेला माणूस, १८६३ मध्ये इथेच बुडून गेला. पण एका रविवारी सदरमधल्या एखाद्या मराठी चर्चला जा, भजन ऐक आणि मग पाळकांना जुनं बाप्तिस्मा रजिस्टर दाखवाल का म्हणून नम्रपणे विचार. पहिल्या घराण्यांची नावं त्यात मिळतील, आणि म्हाताऱ्या आज्ज्यांशी बोलायला विसरू नको, वही सोबत ने.