ढोलवाला पुढे, फोकस मागे

प्रश्न : सर, मी कोथरूडला राहतो. आमच्या ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस संध्याकाळी नदीपात्रात असते आणि फोटो काढायचं काम माझ्याकडे आहे. कॅनन १५००डी, ५० एमएमची एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). वादक पुढे येत असतात, मी त्यांच्यासमोर उलटा चालत असतो, आणि दहातले सात फोटो वाया जातात, कधी मागची माणसं शार्प अन् वादक ब्लर, कधी सगळंच ब्लर. ध्वजवाले मध्ये आले की फोकस थेट ध्वजावर. लेन्स बदलू का?

उत्तर : नका बदलू हो, ही लेन्स या कामाला पुरते. आधी एक करा, खराब फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण झूम करून बघा. मागचं-पुढचं काहीतरी शार्प दिसतंय म्हणजे फोकस चुकला. काहीच शार्प नाही आणि कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या आहेत तर फोकसचा संबंध नाही, शटर स्पीड कमी पडला, त्यासाठी १/५०० सेकंद ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० करावा लागला तरी करा, थोडा ग्रेन म्हणजे दाणेदारपणा चालतो पण हललेला चेहरा नाही चालत. टिपरू (ढोल वाजवायची काठी) हललेलं दिसलं तर दिसू दे, त्यातच ढोलाची मजा आहे.

आता फोकस. तुमचा कॅमेरा बहुतेक वन शॉटवर असणार. त्यात होतं काय की अर्धं बटण दाबलं, बीप झालं, की फोकस तिथेच लॉक, मग समोरचा माणूस दोन पावलं पुढे आला तरी कॅमेऱ्याला पत्ता नाही. एआय सर्वो लावा, त्यात बटण दाबलेलं असेपर्यंत फोकस बदलत राहतो (निकॉन, सोनीवाल्यांसाठी हेच एएफ-सी). मधला एआय फोकस नावाचा मोड मात्र नको, माणूस हलायला लागलाय हे त्याला बऱ्याचदा उशिरा कळतं.

आणि मोबाइलसारखं मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढत असाल तर ते आजच बंद करा, हे फार महत्त्वाचं आहे. स्क्रीनवर तुमचा कॅमेरा काँट्रास्ट बघून फोकस करतो, म्हणजे लेन्स पुढे-मागे करत अंदाज घेतो, हलत्या माणसावर ते जमतच नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की फेज डिटेक्शन चालतं, त्यात फोकस कुठल्या बाजूला चुकलाय आणि किती हे एका मोजणीतच कळतं. तुमच्याकडे ९ फोकस पॉइंट आहेत पण आडवे-उभे दोन्ही तपशील पकडणारा क्रॉस टाइप फक्त मधला, म्हणून कमी उजेडात तोच एक निवडा आणि वादकाच्या चेहऱ्यावर धरून ठेवा. फोकस करून मग फ्रेम हलवायची सवय सर्वोत सोडावी लागते, पॉइंट जिथे जाईल तिथे फोकस जातो. फ्रेम थोडी सैल ठेवा, नंतर क्रॉप करा.

माझं खरं सांगणं वेगळंच आहे, कॅमेऱ्याला वेळ द्या. सर्वो नुसता मागे धावत नाही, तो अंतर पुन्हा पुन्हा मोजतो आणि शटर उघडेल तेव्हा माणूस कुठे असेल याचा हिशोब लावतो. सिंहगडावरून उतरणारा सायकलवाला ताशी ३६ किमीने आला तर सेकंदाला १० मीटर, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात अख्खा १ मीटर पुढे. झटकन कॅमेरा उचलून खटकन बटण दाबलं तर हिशोबाला मोजण्या कुठून मिळणार? अर्धा सेकंद, जमलं तर एक, फोकस चालू ठेवून माणसाच्या मागे मागे राहा आणि मगच शटर.

म्हणूनच उलटं चालणं सोडा. तुम्हाला वाटतं आपणही चालतोय म्हणजे अंतर तेवढंच राहील, पण प्रत्येक पावलाला आपण हिसका देतो आणि कॅमेऱ्याचा अंदाज दर वेळी मोडतो. एका जागी उभे राहा, वादक एका लयीत तुमच्याकडे येऊ देत, अशी सरळ चाल त्याला छान पकडता येते. तीन-चार फोटो काढा, दहा पावलं मागे पळा, पुन्हा उभे राहा. लक्ष्मी रोडच्या गर्दीत मागे न बघता चालणं तसंही धोक्याचंच.

ध्वजासाठी बॅक बटण फोकस. मेनूत जाऊन फोकस शटरच्या बटणावरून काढायचा आणि मागच्या स्टारच्या बटणावर द्यायचा. अंगठा दाबलेला आहे तोवर फोकस चालू, ध्वज चेहऱ्यासमोर आला की अंगठा उचला, फोकस होता तिथेच थांबतो, ध्वज सरकला की परत दाबा. दोन दिवस अवघड जाईल, नंतर बोटं आपोआप करतात. शिवाय एफ/१.८ वर तीन मीटरला जेमतेम पाव मीटर खोली शार्प मिळते, छिद्र लहान करून एफ/२.८ केलं तर चूक पोटात घालायला थोडी जागा होते.

प्रश्न : भिगवणला होडीतून रोहित (फ्लेमिंगो) आणि सुरय (टर्न) पक्षी उडताना काढते. मिररलेस कॅमेरा आहे, १५०-६०० एमएमची लेन्स आहे, तरी फोकस मागच्या झाडोऱ्यावर जातो. (वाचक, हडपसर)

उत्तर : ताई, होडीवाल्या काकांना इंजिन बंद करायला सांगा, निम्मं काम तिथेच होतं. लेन्सवर फोकस लिमिटरचा (फोकस कुठल्या अंतरात शोधायचा ते ठरवणारा) स्विच असेल तर जवळचं अंतर वगळा, म्हणजे पक्षी सुटला तरी लेन्स पूर्ण फिरून येत नाही. पक्षी येणार त्याच अंतरावरच्या पाण्यावर आधीच फोकस करून ठेवा. मोकळं आकाश असेल तर मोठा झोन (अनेक फोकस पॉइंटचा गट) चालतो, मागे झाडोरा असेल तर छोटा पॉइंट घ्या. ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, मध्ये काही आलं तरी फोकस लगेच उडी मारणार नाही. सुरयला १/२००० पेक्षा खाली येऊ नका, रोहित संथ उडतो, त्याला १/१००० पुरतं.

प्रश्न : मोबाइलवर तळजाईला पळणारा कुत्रा नेहमी ब्लर येतो. (वाचक, सहकारनगर)

उत्तर : मोबाइलची लेन्स वाइड असते, त्यामुळे कुत्रा अगदी जवळ नसेल तर फोकस सहसा बरोबरच असतो, कमी पडतो तो उजेड. सकाळी नऊनंतर, झाडांच्या सावलीबाहेर काढा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करू नका, आणि बर्स्ट (एकापाठोपाठ बरेच फोटो) लावा.