नाव द्यायला हरकत नाही, वर्ग सोडायला आहे

प्रश्न: आमचा मुलगा वीस वर्षांचा आहे. नागपुरात खेळत वाढला, बारावीनंतर बास्केटबॉलच्या पूर्ण शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर खेळणाऱ्या, महाविद्यालयात गेला. व्हिसा विद्यार्थ्यांचा, एफ-१, सध्या दुसरं वर्ष. २८ मार्चला त्याने एका एजंटशी करार केला आणि आम्हाला चार दिवसांनी सांगितलं. एजंटने ‘ट्रेनिंगचा अॅडव्हान्स’ म्हणून ८,००० डॉलर दिलेत. प्रोटीन पावडरच्या एका कंपनीसाठी रील करून आणखी २,५०० मिळवून दिले. आता म्हणतो, एनबीएच्या ड्राफ्टला (व्यावसायिक लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीला) नाव दे, १० एप्रिलला फ्लोरिडाला ये आणि उरलेला सेमिस्टर ऑनलाइन कर. तुझा पासपोर्ट भारतीय, तुला इंटरनॅशनल खेळाडूचे नियम लागतात, नाव मागे घ्यायची घाई नाही, असंही सांगतो. मुलाची आई रोज रडते. वडील म्हणून मी हा करार रद्द करू शकतो का?

उत्तर:

नमस्कार. मी वकील आहे, शिकागोहून लिहिते आहे. तुमचं पत्र काल रात्री वाचलं. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नका, आजच ई-मेलनेही पाठवते आहे. कारण तुमच्या प्रकरणातली सगळ्यात जवळची मुदत ड्राफ्टची नाही, ११ एप्रिलची आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी खेळाडूंच्या एजंटांसाठी एकाच नमुन्यावरचा कायदा केलेला आहे. त्यात विद्यार्थी-खेळाडूला सही केल्यापासून १४ दिवसांत करार रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही, लेखी कळवलं की झालं. २८ मार्च अधिक चौदा म्हणजे ११ एप्रिल. तुमचा मुलगा ज्या राज्यात शिकतो तिथल्या कायद्यातही ही तरतूद आहे, मी पाहून घेतलं. हा हक्क मात्र त्याचा आहे, तुमचा नाही. वीस वर्षांचा मुलगा इथेही सज्ञान आणि तिथेही. तुम्ही सही केलेल्या पत्राला एजंट हिंग लावून विचारणार नाही. महाविद्यालयाला फोन कराल तर तेही नम्रपणे काही सांगणार नाहीत, कारण अठरा वर्षांनंतर विद्यार्थ्याच्या नोंदी त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांनाही दाखवता येत नाहीत. फी कोण भरतं हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. भारतातल्या पालकांना हे फार लागतं, मला कळतं. पण नोटीस त्यालाच पाठवावी लागेल.

करार मी वाचला. कायद्याप्रमाणे सहीच्या जवळ ठळक अक्षरांत इशारा हवा: या सहीने महाविद्यालयीन खेळाची पात्रता जाऊ शकते, ७२ तासांच्या आत खेळाडू आणि एजंट या दोघांनीही महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना कळवायचं आहे, आणि १४ दिवसांत करार रद्द करता येतो. हा इशारा त्यात नाही. पान चारवर बारीक टाइपात ‘सर्व लागू नियमांचे पालन’ एवढं एक वाक्य आहे. इशारा नसेल तर करार चौदा दिवसांनंतरही मोडता येतो, पण त्यासाठी वाद घालावा लागतो. ११ तारखेच्या आत मोडला तर वादच नाही. म्हणून मी कायद्याची ताकद दाखवत बसणार नाही, कॅलेंडर वापरणार आहे.

मोबदल्याचे आकडेही बघा. जाहिरातीच्या उत्पन्नावर वीस टक्के आणि ‘कोणत्याही व्यावसायिक करारावर’ आठ टक्के. एनबीए खेळाडू संघटनेच्या नियमांप्रमाणे एनबीएच्या करारावर एजंटला जास्तीत जास्त चार टक्के घेता येतात. आठ टक्के लिहिणाऱ्याला हा नियम माहीत नाही, किंवा तो मुलाला माहीत नाही हे त्याला ठाऊक आहे. यातलं वाईट कोणतं, हे तुम्हीच ठरवा.

एजंट असणं हाच गुन्हा, असं मात्र समजू नका. २०१८ पासून एनसीएए, म्हणजे महाविद्यालयीन खेळांची संघटना, बास्केटबॉलच्या मुलांना ड्राफ्टचा अंदाज घेताना एजंट नेमू देते. एजंट एनसीएएने प्रमाणित केलेला हवा, मुलाने आधी एनबीएच्या सल्लागार समितीकडून आपलं मूल्यमापन मागितलेलं हवं, करार लेखी हवा आणि मुलगा महाविद्यालयात परतला की तो संपायला हवा. तुमच्या एजंटचं नाव प्रमाणित यादीत नाही आणि मूल्यमापनाचा अर्ज मुलाने अजून केलेला नाही.

आता ८,००० डॉलर. करार १४ दिवसांत रद्द केला तर सहीसाठी आमिष म्हणून दिलेले पैसे परत करण्याची सक्ती कायदा करत नाही. तरीही मी म्हणते, परत करा. एनसीएएच्या दृष्टीने हा एजंटकडून मिळालेला गैरलाभ आहे, आणि पात्रता वाचवायची असेल तर तो खिशात ठेवून बोलणी करता येत नाहीत. पैसे थेट एजंटच्या खात्यावर टाकू नका. मुलाने आधी महाविद्यालयाच्या कम्प्लायन्स ऑफिसात (खेळाचे नियम पाळले जातात ना, हे बघणाऱ्या कार्यालयात) जाऊन सगळं सांगावं आणि परतफेड कशी, कुणामार्फत करायची हे त्यांच्याकडून लिहून घ्यावं. ७२ तासांची मुदत ३१ मार्चलाच संपली, हेही तिथे कबूल करावं. उशिरा स्वतःहून सांगणारा आणि नंतर सापडणारा यांच्यात ही ऑफिसं बराच फरक करतात. आमिष दाखवून विद्यार्थ्याची सही घेणं तर २००४ च्या केंद्रीय कायद्यानेच मना आहे, तेव्हा या प्रकरणात घाम एजंटला फुटायला हवा, तुम्हाला नाही. करार रद्द झाला म्हणजे पात्रता आपोआप परत मिळाली असं होत नाही. तो निर्णय महाविद्यालय आणि एनसीएए घेतील.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती १० एप्रिलच्या विमानाची. तुमच्या मुलाच्या संघातले अमेरिकन मित्र सेमिस्टर अर्धवट टाकून ट्रेनिंगला जाऊ शकतात, फार तर नापास होतील. तुमचा मुलगा एफ-१ वर आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट्स पूर्ण घ्यावी लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच, तीन क्रेडिट्सपुरता, धरला जातो. ‘ऑनलाइन कर’ हा सल्ला देणाऱ्याने व्हिसाचा नियम उघडूनही पाहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घेऊन शिक्षण सोडलं तर देश सोडायला १५ दिवस मिळतात. न सांगता वर्ग सोडले तर एकही दिवस मिळत नाही. त्या क्षणापासून तो बेकायदा राहतो आहे असं धरलं जातं.

आणि याचा संबंध त्याच्या व्यावसायिक स्वप्नाशी थेट आहे. उद्या एखाद्या संघाने घेतलाच, तर खेळाडूंचा पी-१ए व्हिसा लागेल. एनबीएसाठी तो मिळतो, आणि २००६ च्या दुरुस्तीनंतर तिच्याशी जोडलेल्या दुय्यम लीगसाठीही मिळतो. अर्ज त्याला स्वतःला करता येत नाही, सहसा संघ करतो. अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून पी-१ वर जायचं तर तोवरचा एफ-१ स्वच्छ असावा लागतो. तो डागाळला असेल तर भारतात परतून कॉन्सुलेटच्या रांगेत उभं राहायचं आणि डाग का पडला ते तिथे सांगायचं. दुय्यम दर्जाच्या खेळाडूसाठी संघ एवढी वाट बघत नाहीत.

त्याच कारणासाठी ती रीलही धोक्याची आहे. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावा-चेहऱ्यावर पैसे कमावता येतात, आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर महाविद्यालयं खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटाही देतात. म्हणूनच आता पूर्वीसारखी मुलं धावत ड्राफ्टला जात नाहीत. २०२१ मध्ये लवकर नाव देणारे साडेतीनशेच्या वर होते, २०२५ मध्ये १०६. थांबूनही भरपूर पैसे मिळतात. पण हे गणित एफ-१ वाल्यांना लागू होत नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहून पावडर विकणं हे काम आहे, आणि अमेरिकेच्या भूमीवर परवानगीशिवाय केलेलं काम एफ-१ चा भंग ठरू शकतं. सरकारने यावर नेमका खुलासा केलेला नाही, म्हणून ‘ठरू शकतं’ म्हणते, ‘ठरतंच’ म्हणत नाही. पण संशयाचा फायदा व्हिसा अधिकारी क्वचितच देतात. केंटकी विद्यापीठाच्या संघातला ऑस्कर शिब्वे हा काँगोचा खेळाडू. २०२२ मध्ये संघ बहामाला गेला तेव्हा त्याने आपल्या जाहिरातींचं काम तिथे, अमेरिकेबाहेर, उरकलं. एवढी खबरदारी तो उगाच घेत नव्हता. तुमच्या मुलाची रील हॉस्टेलच्या खोलीत चित्रित झाली आहे, भिंतीवर महाविद्यालयाचा झेंडा दिसतो. शिवाय ६०० डॉलरवरचा असा करार नव्या व्यवस्थेत नोंदवावा लागतो, तोही नोंदवलेला दिसत नाही. रील खाली घ्यावी, दुसरी करू नये. पण घेण्याआधी तिची प्रत, कंपनीशी झालेले संदेश आणि पैसे आल्याची नोंद जपून ठेवावी. पुसून टाकलेला पुरावा नेहमी आपल्याच विरुद्ध बोलतो.

पासपोर्टचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. एनबीएच्या लेखी ‘इंटरनॅशनल’ खेळाडू म्हणजे जो अमेरिकेबाहेर राहून खेळला आणि ज्याने अमेरिकेतल्या महाविद्यालयात कधीच प्रवेश घेतलेला नाही. तुमच्या मुलाने पहिल्या दिवशी हजेरी लावली तेव्हाच तो त्या वर्गातून बाहेर पडला. पारपत्राचा रंग तिथे कुणी बघत नाही. त्याला अमेरिकन मुलांचेच नियम: ड्राफ्टच्या वर्षी १९ पूर्ण आणि शाळा संपून एनबीएचा एक हंगाम झालेला. दोन्ही अटी तो पुऱ्या करतो. लवकर जायचा हक्क त्याला आहेच, आणि तो १९७१ मध्ये स्पेन्सर हेवूड सुप्रीम कोर्टापर्यंत गेला म्हणून आहे. त्याआधी चार वर्षं थांबावंच लागे.

महत्त्वाच्या आहेत त्या परतीच्या दोन तारखा, आणि लोक नेमके इथेच फसतात. नाव ड्राफ्टच्या ६० दिवस आधी द्यायचं असतं. एनबीए दहा दिवस आधीपर्यंत ते मागे घेऊ देते. पण महाविद्यालयात परत खेळायचं असेल तर एनसीएएची मुदत पाळावी लागते, आणि ती बरीच आधी संपते: इथे शिकागोत मे महिन्यात चाचणी-शिबिर भरतं, ते संपल्यापासून दहा दिवस. २०२५ मध्ये पहिली तारीख १५ जून होती, दुसरी २८ मे. ‘घाई नाही’ म्हणणारा एजंट १५ जूनबद्दल बोलतो आहे. मधल्या अठरा दिवसांत कुणी नाव मागे घेतलं तर ड्राफ्टमधून नाव निघेल, महाविद्यालयाची पात्रताही जाईल.

म्हणून नाव देण्याला माझा विरोध नाही. तुमची बायको रडते ती नाव दिलं म्हणजे सगळं गेलं या समजुतीने, तेव्हा त्यांना सांगा, ठरलेल्या मुदतीत हा निर्णय फिरवता येतो. झॅक ईडी कॅनडाचा, तोही विद्यार्थी व्हिसावर पर्ड्यू विद्यापीठात खेळत होता. २०२३ मध्ये त्याने नाव दिलं, मुदतीत मागे घेतलं, पुढच्या वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर गेला. उलट पंजाबी वंशाचा कॅनेडियन सिम भुल्लर २०१४ मध्ये दोन हंगाम खेळून महाविद्यालय सोडून गेला, ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये एनबीएच्या सॅक्रामेंटो संघाकडून तीन सामने खेळला, आणि एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. तीन सामने हे यश की अपयश, यावर मी वकील म्हणून बोलणार नाही.

तुमच्या मुलाचा खेळ मी पाहिलेला नाही. दोन फेऱ्यांत मिळून साठच्या आसपास जागा, खात्रीचा पैसा जवळपास फक्त पहिल्या फेरीतल्या तीस जणांना. पुढे टू-वे करार, म्हणजे एनबीए आणि तिची दुय्यम जी लीग अशा दोन्हींत खेळायचा, तोही २०२५-२६ मध्ये सहा लाख डॉलरच्या वर. त्याखाली नुसती जी लीग, हंगामाला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर. यातली कोणती पायरी त्याची, हे एजंटने सांगू नये, तुम्ही नाही, मी तर नाहीच. एनबीएची सल्लागार समिती हे फुकट आणि गुप्तपणे सांगते. तो अर्ज याच आठवड्यात करायला लावा. उत्तर ‘निवड होणार नाही’ असं आलं तर मे अखेरीची वाटही बघू नका. बास्केटबॉलच्या संघात आता कमाल १५ खेळाडू, आणि खेळाडूंनी महाविद्यालय बदलण्याचा मोसम याच दिवसांत असतो. प्रशिक्षक रिकामी जागा धरून बसत नाहीत. नाव देण्याआधी शिष्यवृत्तीची जागा कोणत्या तारखेपर्यंत राखली जाईल, हे त्यांच्याकडून ई-मेलवर घ्यावं. तोंडी आश्वासनाला इथेही तेवढीच किंमत, जेवढी आपल्याकडे.

जी लीग खेळून आलेल्या काहींना २०२५ मध्ये महाविद्यालयांत खेळायला प्रवेश मिळाला, हे मुलगा तुम्हाला सांगेल. खरं आहे. पण त्या दाराला कोर्ट रोज नवं कुलूप लावतं आणि काढतं, आणि एफ-१ मोडून बाहेर पडलेल्याला त्या दारापर्यंत यायलाही आधी व्हिसा लागेल.

तेव्हा: परीक्षा मेच्या सुरुवातीला संपेपर्यंत तो आहे त्या गावातच राहील. एनबीए संघांनी चाचणीला बोलावलं तर वर्ग न चुकवता जाईल. परीक्षेनंतर उन्हाळ्याची सुटी असते, ऑगस्टमध्ये परतण्याचा इरादा असेल तर त्या काळात फ्लोरिडाला जाऊन घाम गाळायला व्हिसा आड येत नाही. खर्च मात्र एजंटचा नको. तुम्हाला झेपत नसेल तर महाविद्यालयाच्या जिममध्येही बास्केट दहा फुटांवरच असते.

नोटिशीचा मसुदा सोबत जोडला आहे, तीन ओळींचा आहे. मुलाने तो ई-मेलने आणि पोचपावतीच्या टपालाने, दोन्ही मार्गांनी पाठवावा, प्रत कम्प्लायन्स ऑफिसला. आणि त्याला आवर्जून सांगा, तारीख तिथली लिहायची. तुम्ही नागपुरातून फोनवर बसून मजकूर सांगाल तेव्हा तुमच्याकडे बहुधा दुसरा दिवस उजाडलेला असेल.